जांभळी पाणकोंबडी
नांदेडजवळील विष्णुपुरी जलाशयासारख्या किंवा लातूरकडील मांजरेच्या काठासारख्या ज्या ठिकाणी पाणकणीस, म्हणजे दलदलीत वाढणारी लांब पात्यांची गवतासारखी वनस्पती, दाटते, तो जांभळ्या पाणकोंबडीचा खरा अधिवास होय. निळे-जांभळे अंग, लाल चोच आणि कपाळावरची लाल ढाल, म्हणजे चोचीपासून मागे गेलेला पिसे नसलेला कठीण भाग, ही तिची ओळख आहे. लांब बोटांवर वजन विभागले गेल्याने ती तरंगत्या वनस्पतींवर चालते आणि कोवळे कोंब पायात धरून खाते, हे तिचे सर्वांत देखणे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ती घरी पाळता येत नाही, म्हणून जखमी पक्षी वनविभागाकडेच सोपवावा. प्राणिसंग्रहालयातही तिला उथळ पाणी, लपण्याजोगी दाट झाडी आणि मऊ, ओलसर जमीन द्यावी लागते, कारण कठीण फरशीवर तळपायांना जखमा होऊ शकतात.