एकोणचाळीस गावांचं धोरण

गावातला प्रयोग सरकारी धोरण कसा होतो, हे शोधताना मी पुन्हा पुन्हा गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेपाशी येतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आधी मोजणी केली. घराघरांतले जन्म-मृत्यू नोंदवल्यावर दिसलं, की दगावणारी बहुतेक अर्भकं पहिल्या २८ दिवसांतच जातात. बाळ-बाळंतीण घरात आणि दवाखाना लांब. मग ३९ गावांत तिथल्याच बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळाचं वजन करणं, ऊब राखणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं त्या शिकल्या. तुलनेसाठी आणखी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी भरला. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. २०११मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशांमार्फत देशभर नेली : दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा गृहभेटी, घरी जन्मलेल्याला सात.

एक गोष्ट मात्र वाटेत गळाली. इंजेक्शन आशाच्या हाती दिलं गेलं नाही. तिने आजार ओळखायचा आणि बाळाला पुढे पाठवायचं. म्हणजे प्रयोगाने टाळलेला दवाखान्याचा लांब रस्ता धोरणात परत आला. संस्थेचं यश मोजताना मी म्हणूनच दोन्ही पाहतो : सरकारने काय घेतलं आणि काय सोडलं.