जुन्या 800 चा मागचा ॲक्सल बदलताय? आधी ब्रेकचा हिशोब करा

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली भागातली खान्देशी कुटुंबं आखाजीला, दिवाळीला, लग्नसराईत गावी निघतात. अजूनही कितीतरी घरांसमोर त्यासाठी जुनी मारुती 800 नाहीतर अल्टो उभी असते. इंजिन ठणठणीत असतं, दुखणं निघतं ते मागच्या बाजूला. चाकातून घूंऽऽ असा आवाज येतो, टायर एका कडेनेच झिजतो, हँडब्रेक पूर्ण ओढला तरी उतारावर गाडी सरकते. गॅरेजवाला खाली वाकून बघतो आणि म्हणतो, "ॲक्सल गेला. सेकंड मिळतो, ब्रेकसकट बसवून देतो."

काम अशक्य नाही. पण 'ब्रेकसकट' या शब्दात खरी गोम आहे.

आधी गाड्यांच्या वयाचा हिशोब. 800 पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर 1983 मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी 2014 मध्ये. पण सुरतेत नवी 800 मिळणं त्याच्या आधीच बंद झालं होतं. एप्रिल 2010 पासून देशातल्या 13 शहरांत भारत स्टेज 4 नियम लागू झाले. त्यात मुंबई, पुणे, सोलापूर होतं, तसं सुरतही होतं. 800 त्या नियमात बसत नव्हती. म्हणजे जिची पहिली नोंदणी सुरतेत झाली, अशी प्रत्येक 800 आता 15 वर्षांपुढची आहे. नंदुरबार-धुळ्याकडच्या गाड्या त्यामानाने थोड्या तरुण सापडतात. सुरतची हवा दमट, समुद्र जवळ. ऑगस्ट 2006 च्या तापीच्या पुरात तर शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन पुसून विकली जाते. ॲक्सलच्या पोकळ नळीत आणि बेअरिंगमध्ये गेलेला गाळ मात्र आतल्या आत गंज धरतो.

आता रचना समजून घेऊ. 800 आणि अल्टो पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या. मागचा ॲक्सल चाकं फिरवत नाही, फक्त वजन पेलतो. त्यात ना गिअर, ना डिफरन्शियल. पुढे-मागे हलू नये म्हणून दोन लांब दांडे, डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा, वर स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर. त्यामुळे काढणं-बसवणं सोपं. पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा ओम्नीचं तसं नाही. तिथे मागची चाकंच गाडी ढकलतात. ओम्नीचं इंजिन 800 सारखंच, म्हणून ॲक्सलही चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणून अशा छोट्या गाडीत थांबवण्याचं दोन-तृतीयांशाहून जास्त काम पुढचे ब्रेक करतात. मागचे ब्रेक कंपनीने मुद्दाम कमी जोराचे ठेवलेले असतात. ते जोरदार केले तर गाडी लवकर थांबेल असं वाटतं, होतं उलटंच. मागची चाकं आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी फिरते. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी निदान सरळ घसरते. मागची झाली की स्टिअरिंग हातात असून उपयोग नाही.

फरक किती बारीक असतो बघा. ड्रमच्या आत ब्रेक शू ढकलणारा व्हील सिलिंडर 17.5 मिलिमीटरचा होता आणि मोठ्या गाडीच्या ॲक्सलसोबत 19 चा आला, तर दीड मिलिमीटरच वाढला ना? पण जोर ठरतो क्षेत्रफळावर. 19 चा वर्ग भागिले 17.5 चा वर्ग केला की उत्तर 1.18 येतं. म्हणजे पायाचा दाब तेवढाच, शू 18 टक्के जास्त जोराने दाबले जातात. मागे डिस्क ब्रेक बसवण्याची हौस तर त्याहून महाग पडू शकते. मास्टर सिलिंडर, मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह, हँडब्रेकची वायर, सगळंच बदलावं लागतं आणि त्यांचा मेळ तपासायला गॅरेजमध्ये कुठलंच यंत्र नसतं. तेव्हा ॲक्सल त्याच मॉडेलचा, जमल्यास त्याच काळातला घ्यावा, हे बरं.

सेकंड ॲक्सल घेताना दोन गोष्टी बघाव्यात. सपाट फरशीवर ठेवून नळी वाकलेली नाही ना, आणि दांड्यांच्या जोडाशी वेल्डिंगचा ताजा ठिगळ नाही ना. ब्रेक मात्र सेकंड घेऊ नयेत. शू, व्हील सिलिंडर, रबरी नळ्या नव्या. दोन्ही चाकांना एकाच वेळी. ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो, लेथवर घासून त्यापुढे गेलेला ड्रम भंगारातच द्यावा. या गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच बसतं, म्हणून तेही याच वेळी नवं टाकलं की मजुरी दुसऱ्यांदा लागत नाही.

बसवताना घाईत हमखास होणारी चूक एक. गाडी घोडीवर असतानाच दांड्यांचे बोल्ट कचकचून आवळले जातात. गाडी खाली उतरली की रबरी बुश पिळले जातात आणि थोड्याच दिवसांत फाटतात. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. नवं ब्रेक ऑइल भरून हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबचं, म्हणजे डावं मागचं चाक आधी घेतात. ऑइल बंद डब्यातलंच हवं, उघडा डबा हवेतली ओल ओढतो. असं ऑइल घाटात तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडतं.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात बदल होईल असा फेरफार विनापरवानगी चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही, असं सांगितलं. कलम 182अ मध्ये बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. त्याच मॉडेलचा, तसाच ॲक्सल घालणं ही दुरुस्ती, फेरफार नव्हे. तरी बिल घ्यावं, त्यावर ॲक्सल ज्या गाडीतून काढला तिचा नंबर असावा. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर तेवढाच आधार. 15 वर्षांनंतरच्या नूतनीकरणासाठी नमुना 25 मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत भरायचा असतो आणि तेव्हा ब्रेकही तपासले जातात. एमएच-39 पाटीची गाडी 12 महिन्यांहून जास्त सुरतेत ठेवायची असेल, तर नोंदणीही इकडे बदलून घ्यावी लागते.

काम झाल्यावर थेट कोंडाईबारी घाटात जाऊ नये. रिकाम्या रस्त्यावर ताशी 30 च्या वेगात ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का बघावं. मग बारडोलीपर्यंत जाऊन थांबावं आणि मागच्या दोन्ही ड्रमजवळ, न लावता, हात न्यावा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापलेली असेल तर तिथला शू घासतोय. गाडी वळवून गॅरेजला परत न्यावी. गाव उद्या गाठता येईल.