शिरस्त्राण : मस्तकाचे कवच



नवी दुचाकी घेतली की ती प्रथम देवापुढे आणावी, तिला हार घालावा, चाकाखाली लिंबू ठेवावे व नारळ वाढवावा, ही प्रथा आपण श्रद्धेने पाळतो. मात्र पूजा आटोपून परतताना चालकाचे मस्तक पुष्कळदा उघडेच असते आणि शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, आरशाला अडकविलेले असते. वाहनाची पूजा झाली, पण ते चालविणाऱ्याच्या रक्षणाचे काय, याचा विचार व्हावा म्हणून हा लेख.

शिरस्त्राणाचे कार्य समजण्यास नारळाचे उदाहरण पुरेसे आहे. देवापुढे वाढवावयाचा नारळ आपण आधी सोलून घेतो. कारण सोडणासह तो दगडावर आपटला तरी सहजी फुटत नाही. आघात सोडण सोसते. आपले मस्तक मात्र सोललेल्या नारळासारखे आहे. शिरस्त्राणाचे बाहेरील कठीण कवच आघात विस्तृत भागावर पसरविते, तर आतील थर्माकोलसारखा जाड थर स्वतः चेपला जाऊन मेंदूस बसणारा हिसका सौम्य करतो. एकदा चेपलेला हा थर पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातात आदळलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.

"देवळापर्यंतच तर जायचे आहे" असे म्हणून अनेकजण ते घरी ठेवतात. परंतु ताशी ४० किलोमीटर वेगाने मस्तक थेट आदळणे म्हणजे सुमारे ६ मीटर उंचीवरून, साधारण दुमजली घराच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखे आहे. आघात अंतर पाहत नाही, वेग पाहतो. त्यात पावसाळ्यात निसरडे झालेले वळणाचे रस्ते आणि अचानक आडवी येणारी गुरे आपल्या गावांतही आहेतच.

या विषयाचा वैद्यकीय अभ्यास जुना आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून विख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्यास मार लागून निवर्तले. त्यांच्यावरील उपचारांत सहभागी असलेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली शिरस्त्राणाची उपयुक्तता दाखवून दिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व मस्तकास इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ अन्वये चालकाप्रमाणेच मागे बसणाऱ्यासही शिरस्त्राण आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील मुलांनाही हा नियम लागू आहे. त्याहून लहान मुलांसाठी शिरस्त्राण व चालकाशी जोडून ठेवणारा सुरक्षा-पट्टा वापरण्याचा, तसेच वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आला आहे. तरीही वडिलांच्या डोक्यावर शिरस्त्राण, आणि मागे बसलेली आई व पुढे उभे असलेले मूल उघड्या मस्तकाने, हे दृश्य आजही दिसते. गजरा चुरगळेल वा केशरचना बिघडेल ही अडचण खरी असली, तरी गजरा देवळात पोहोचल्यावरही माळता येतो.

भाविकांनी पुढील गोष्टी कृपया ध्यानी घ्याव्यात :

१. शिरस्त्राणावर आयएसआय चिन्ह व आयएस ४१५१ हा मानक क्रमांक असल्याची खात्री करावी.
२. ते डोक्यास घट्ट बसणारे असावे. मान हलविताना ते सैल फिरू नये.
३. हनुवटीखालील पट्टा प्रत्येक वेळी बांधावा. पट्टा न बांधलेले शिरस्त्राण आघातापूर्वीच निसटून पडू शकते.
४. बूट, हातमोजे व जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा अंगरखा वापरल्यास घसरून पडताना त्वचेचे रक्षण होते.

यापुढे नव्या दुचाकीच्या पूजेस येताना चालकासाठी एक व मागे बसणाऱ्यासाठी एक अशी दोन शिरस्त्राणेही सोबत आणावीत, वाहनाजवळ ठेवून त्यांवरही हळदकुंकू वाहावे आणि परतताना ती धारण करूनच निघावे, ही नम्र विनंती. दर्शनास आलेला प्रत्येक भाविक सुखरूप घरी पोहोचो, हीच देवाचरणी प्रार्थना.