टॅरोची पाने : खेळातून भविष्याकडे

परवा आमचा एक माजी विद्यार्थी अगदी खचलेल्या चेहऱ्याने भेटावयास आला. नोकरी बदलावी का, हे त्याने टॅरोच्या पानांना विचारले होते आणि निघाले ‘मृत्यू’चे पान! “सर, ही विद्या प्राचीन इजिप्तची आहे,” तो म्हणाला.

आम्ही त्याला इतिहास सांगितला. ही पाने १५व्या शतकात उत्तर इटलीत जन्मली, ती पत्ते खेळण्यासाठी. एकूण पाने ७८. त्यांपैकी ५६ चार रंगांची, २२ खास चित्रांची. पुढे १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने त्यांत इजिप्तचे गूढ ज्ञान असल्याचे प्रतिपादिले. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कोणासही वाचता येत नव्हती. शांपोलियाँने ती उलगडली १८२२ मध्ये! आजची सुपरिचित चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची, १९०९ सालची.

‘मृत्यू’च्या पानाचा अर्थ तर टॅरो सांगणारेच बहुधा ‘स्थित्यंतर’ असा लावतात. चित्र मोघम असते; त्यात भय भरतो तो विचारणारा.

विद्यार्थी हसला. मग घरची जबाबदारी, पगार, प्रकृती यांविषयी मोकळेपणाने बोलला. वाचकहो, निर्णयाची सामग्री त्याच्याच जवळ होती; पानांत नव्हती.