दोन्ही विधाने खरी, मग कोडे कसले? तर्कपरीक्षेतील विरोधाभासाचे प्रश्न सोडविताना

हरमलच्या किनाऱ्यावरून खडकांच्या कडेने उत्तरेकडे चालत गेले, की डोंगराच्या कुशीत एक तळे लागते. एका बाजूला अरबी समुद्र, मध्ये वाळूचा पट्टा आणि पलीकडे हे तळे. समुद्राचे पाणी खारे, तळ्याचे मात्र गोडे. समुद्राला एवढे खेटून असूनही हे पाणी खारे कसे होत नाही, असा प्रश्न प्रथमच तेथे जाणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही.

नेमका याच घडणीचा प्रश्न तर्कक्षमतेच्या परीक्षांत विचारला जातो. दोन विधाने दिली जातात. दोन्ही एकत्र वाचली, की ती परस्परांना छेद देतात असे वाटते. त्यानंतर चार पर्याय येतात आणि या विसंगतीचा उलगडा कोणत्या पर्यायाने होतो, हे ओळखायचे असते. इंग्रजीत अशा प्रश्नांना ‘पॅराडॉक्स’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘विरोधाभास’ हा शब्द रूढ आहे.

प्रश्न महत्त्वाचा का?

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘क्लॅट’ परीक्षा २०२० पासून उताऱ्यांवर आधारित झाली. सध्या पदवीपूर्व अभ्यासक्रमाच्या या परीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश प्रश्न तर्काचे असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. उतारा वाचण्याचा वेळही त्याच १२० मिनिटांत धरलेला असल्याने एका प्रश्नावर रेंगाळणे परवडत नाही.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील अनेक मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून होते आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी होते. क्लॅटची प्रश्नपत्रिकाही इंग्रजीतच असते. त्यामुळे तर्क पक्का असूनही केवळ प्रश्नाचा रोख न कळल्याने गुण हातचे जाऊ शकतात. प्रश्नात ‘रिझॉल्व्ह’, ‘रिकन्साइल’, ‘अपॅरंट डिस्क्रिपन्सी’ किंवा ‘अपॅरंट पॅराडॉक्स’ असे शब्द दिसले, की हा विरोधाभासाचा प्रश्न आहे असे समजावे. यांतील ‘अपॅरंट’ म्हणजे वरवर दिसणारा. सारी गुरुकिल्ली या एका शब्दात आहे.

नावातच रीत

शाळेत मराठीच्या तासाला विरोधाभास अलंकार शिकविला जातो. वरकरणी विरोध दिसतो, पण खोलात गेल्यावर तो विरोध उरत नाही, असे त्याचे लक्षण. परीक्षेतील प्रश्नही तसाच असतो. विरोध हा आभास आहे, हे आधीच गृहीत धरलेले असते. म्हणून दोहोंपैकी कोणते विधान खोटे, हे शोधत बसू नये. दोन्ही खरी मानावीत आणि दोन्ही एकाच वेळी खरी राहू शकतील अशी तिसरी गोष्ट शोधावी.

तर्कशास्त्रात खरेखुरे विरोधाभासही आहेत. ‘मी आता खोटे बोलत आहे’ हे वाक्य खरे मानले तर खोटे ठरते आणि खोटे मानले तर खरे. ते कोडे तत्त्वज्ञांनी शतकानुशतके चघळले आहे. प्रवेशपरीक्षेतील प्रश्न त्या जातीचा नसतो. त्याचे उत्तर असतेच आणि ते चार पर्यायांतच असते.

‘असूनही’ची कसोटी

पहिली पायरी, दोन विधाने सुटी करणे. ती बहुधा ‘बट’, ‘येट’, ‘हाउएव्हर’ अशा शब्दांनी जोडलेली असतात. दुसरी पायरी, त्यांचा एकच प्रश्न करून मनात मराठीतून मांडणे: ‘अमुक असूनही तमुक कसे?’ पर्याय वाचण्यापूर्वीच हा प्रश्न तयार असावा. तिसरी पायरी, प्रत्येक पर्याय या प्रश्नाला लावून पाहणे. प्रश्नात ‘इफ ट्रू’ असे शब्द असतील, तर पर्याय प्रत्यक्षात खरा आहे का याचा विचार करू नये. तो खरा मानूनच पुढे जावे.

हरमलच्या तळ्याला ही कसोटी लावून पाहू. ‘समुद्र खेटून असूनही पाणी गोडे कसे?’ तळ्याजवळ दाट झाडी आहे, हे विधान खरे असले तरी त्याने प्रश्न सुटत नाही. समुद्राचे पाणी फार खारे आहे, या विधानाने कोडे उलट अधिकच घट्ट होते. डोंगरातील झरे तळ्याला पाणी पुरवितात आणि तळ्याची पातळी उंच असल्याने पाण्याचा ओढा समुद्राच्या दिशेने राहतो, असे म्हटले की गाठ सुटते. समुद्रही जवळ राहिला आणि पाणीही गोडे राहिले.

फसवे पर्याय

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका किनारी गावात यंदा गतवर्षीपेक्षा अधिक पर्यटक आले आणि ते सारे भाड्याच्या खोल्यांतच राहिले. खोलीचे दररोजचे भाडे बदलले नाही. तरीही खोलीमालकांना भाड्यापोटी मिळालेली एकूण रक्कम घटली. पर्याय असे:

(अ) शेजारच्या गावातही पर्यटक वाढले.
(आ) गतवर्षी पर्यटक सरासरी पाच रात्री राहिले, यंदा दोनच.
(इ) यंदा खोलीमालकांचा विजेवरील खर्च वाढला.
(ई) यंदाच्या पर्यटकांना गाव अधिक आवडले.

घाईत अनेकांचे बोट (इ)वर जाईल. पण खर्च वाढल्याने नफा घटतो. भाड्याची जमा घटत नाही. प्रश्न जमेविषयी आहे. (अ) विषयाला सोडून आहे. (ई)ने कोडे वाढते, कारण गाव आवडल्यावर मुक्काम लांबायला हवा. (आ)मध्ये मात्र माणसे वाढली आणि रात्री घटल्या, म्हणून दोन्ही विधाने टिकतात. येथे उत्तर संख्या आणि कालावधी यांतील फरकात दडलेले आहे. संख्या आणि टक्केवारी, जमा आणि नफा, सरासरी आणि एकूण अशा जोड्यांतही उलगडा सापडू शकतो. म्हणून विधानात नेमके काय मोजले आहे, ते आधी पाहावे.

चुकीच्या पर्यायांच्या चार जाती ध्यानात ठेवाव्यात. काही पर्याय एकाच विधानाचे कारण सांगतात आणि दुसऱ्याला स्पर्शही करीत नाहीत. काही विरोध वाढवितात. काही दिलेले विधानच नाकारतात. काही विषयालाच सोडून असतात.

‘एक्सेप्ट’ आला तर

प्रश्नात ‘एक्सेप्ट’ हा शब्द असेल तर तीन पर्याय उलगडा करणारे असतात आणि उत्तर म्हणून उरलेला चौथा हवा असतो. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो; तरीही मे महिन्यात अनेक ठिकाणी विहिरी आटतात. जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो, नद्यांची लांबी कमी असल्याने पाणी लवकर समुद्राला मिळते, सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणीही फार काळ टिकत नाही, ही तिन्ही कारणे उलगडा करतात. ‘मे महिन्यात बाटलीबंद पाण्याचा खप वाढतो’ हा पर्याय टंचाईचा परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून ‘एक्सेप्ट’चे उत्तर तेच. हा शब्द नजरेतून निसटला, तर पहिलाच योग्य उलगडा उत्तर म्हणून निवडला जातो आणि जाणलेला प्रश्नही चुकतो. तो दिसताच त्याखाली रेघ ओढावी.

सरावासाठी दरवेळी नवे पुस्तकच हवे असे नाही. वर्तमानपत्रात ‘तरीही’ किंवा ‘मात्र’ असलेले वाक्य दिसले, की त्यातून ‘असूनही कसे?’ हा प्रश्न तयार करावा आणि दोन्ही बाजू राखणारे एक कारण स्वतः लिहून पाहावे. रोज दोन वाक्ये पुरेत. परीक्षेपर्यंत ही सवय अंगी मुरली, तर इंग्रजी प्रश्नाच्या आड दडलेली ओळखीची घडण चटकन दिसू लागेल.