पेढीचा उंबरठा

संध्याकाळी रोजकीर्द जुळली, शिल्लक बरोबर उतरली, म्हणजे दिवस मार्गी लागला असे आम्हां व्यापारी मंडळींस वाटते. हे समाधान खोटे नव्हे. परंतु कीर्द सांगते ती झालेल्या व्यवहाराची हकीकत. जे गिऱ्हाईक दारावरून पुढे गेले, त्याची नोंद कोणत्याच वहीत पडत नाही.

व्यवस्थापनशास्त्र ज्यास खुली व्यवस्था म्हणते, तिचे मर्म येथेच आहे. घड्याळास किल्ली दिली की ते आपल्यापुरते चालते. समईची ज्योत तशी नव्हे. तेल वर चढत आहे, प्रकाश व काजळी बाहेर पडत आहेत, तोवरच ती ज्योत. लुडविग फॉन बर्टालान्फी या जीवशास्त्रज्ञाने सजीव देहासंबंधी हा विचार मांडला, आणि १९५० नंतर तो उद्योगधंद्यांसही लावण्यात आला. पेढीत माल, पैसा, माणसे व बातमी आत येतात. निवडलेला माल बाहेर जातो. त्याच्या मोलातून पुढची खरेदी होते. यांतील बातमीकडेच आमचे लक्ष सर्वांत कमी असते.

या विचाराची परीक्षा आपल्या देशातच, अहमदाबादेस, साराभाई या जैन घराण्याच्या कॅलिको मिलमध्ये झाली. स्वयंचलित माग आणूनही उत्पादन मनासारखे निघत नव्हते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली तेथील साळखाते पाहिले. २२४ मागांवर २९ माणसे, आणि त्यांत कामाचे बारा प्रकार! विणणे एकाकडे, कांड्या भरणे दुसऱ्याकडे, तेल घालणे तिसऱ्याकडे; अमुक माग माझा, असे म्हणणारा कोणी नव्हता. मग ठराविक माग एकेका लहान टोळीकडे सोपविले. टोळ्या कामगारांनीच जुळविल्या. कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ वर गेली, सदोष कापड ३२ टक्क्यांवरून २० वर आले.

आतले काम आतल्यांनी सांभाळले, तर धन्याने काय करावे? त्याची जागा उंबरठ्यावर, हे राइस यांचे उत्तर. ते किती खरे, हे पुढे दिसले. १९७० साली एरिक मिलर यांनी तीच गिरणी पुन्हा तपासली. एका साळखात्यात टोळीपद्धती जवळजवळ जशीच्या तशी टिकली होती, इतरत्र ती ओसरली होती. बाहेरची परिस्थिती पालटली आणि तिचा ताण थेट टोळ्यांवर आला. ती गिरणी आज चालू नाही.

आमच्या पाहण्यातील एका धान्यपेढीवर गुमास्ता रोज ऐकत असे की लोकांस निवडलेल्या डाळीची लहान पाकिटे हवीत. त्यास कोणी विचारले नाही, आणि आपण होऊन सांगण्याची तेथे रीत नव्हती. दोन वर्षांत निम्मी किरकोळ गिऱ्हाइकी समोरच्या दुकानी गेली. कीर्द मात्र रोज जुळत होती. आता तेथे गल्ल्याशेजारी एक साधी वही असते. मागितलेला पण न मिळालेला जिन्नस गुमास्ता तीत लिहितो, आणि खरेदीस निघण्यापूर्वी शेटजी ती आधी उघडतात.