जुनी गाडी सकाळी सुरू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी मोजून पाहा

आमच्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांच्या दारात आजही एखादी जुनी मारुती व्हॅन उभी असते. तागे, सुताचे कोन, लग्नकार्याला घरची माणसे, सारे तिच्यातूनच जाते. हीच गाडी एका सकाळी चटकन सुरू होते आणि दुसऱ्या सकाळी कण्हत राहते. मिस्त्रीचे ठरलेले उत्तर असते, “बॅटरी गेली, शेठ.” हे ऐकून आम्ही खिसा रिकामा केला आहे, म्हणून हे लिहितो.

2017 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची ओम्नी 1998 ची, 796 सीसी, कार्बोरेटरवाली. भिवंडीहून पहाटे कल्याणला माल पोचवायचा असे. सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा घेऊन थांबे. पाच मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशी सुरू होई. आम्ही नवी बॅटरी घातली. आठवडाभर ठीक, पुन्हा तेच रडगाणे. मग सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश बदलले. दहा दिवस ठीक, पुन्हा तेच. अशाच एका सकाळी माल वेळेवर पोचला नाही आणि गिऱ्हाइकाने दुसरीकडून कापड उचलले. आम्ही रागाच्या भरात बॅटरीवाल्याला नाही नाही ते बोललो. त्या बिचाऱ्याचा काही कसूर नव्हता.

शेवटी एका वयस्क वायरमन चाचांकडे गाडी नेली. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी विचारले, “हाजीसाहेब, इंजिन हळू फिरते, की जोरात फिरून पेटत नाही?” हा सवाल आम्हाला तोवर कोणीच केला नव्हता. इंजिन जोरात फिरते पण पेटत नाही, तर दोष पेट्रोलचा किंवा ठिणगीचा: चोक, पंप, प्लग, कॉइल तिथे पाहावे. हळू फिरते, तर बॅटरी, तारा किंवा सेल्फ. नुसता ‘टक’ आवाज येऊन थांबते, तरी बहुधा याच तिघांत दोष असतो. आमची हळू फिरत होती, म्हणजे कार्बोरेटर खोलण्याचे कारणच नव्हते.

मग चाचांनी मीटर काढला. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. आमची 12.5. सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली जायला नको, आमची 10.4 वर थांबली. बॅटरी निर्दोष. आम्ही खाली पाहिले.

त्यानंतर मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून त्यांनी सेल्फ मारायला सांगितले. इथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मीटरने 1.6 दाखवले! इंजिन रबरावर बसवलेले असते. बॉडीपासून इंजिनापर्यंत करंट न्यायला एक विणलेली अर्थिंगची पट्टी असते. आमच्या पट्टीचा बोल्ट गंजला होता. सेल्फ एका दमात शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग अडथळा आला, तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जातात. दिवा लावताना हा तोटा दिसत नाही, कारण दिव्याला करंट थोडाच लागतो. नव्या बॅटरीने काही दिवस तो तोटा झाकला, आणि सेल्फ उतरवताना पट्टी हलली म्हणून पुन्हा काही दिवस बरे गेले. दोन्ही वेळा आम्हाला वाटले की रोग सापडला.

खात्रीसाठी चाचांनी एक जाड जंपर तार बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाला लावली. गाडी पहिल्या झटक्यात फिरली. बोल्ट काढून दोन्ही बाजूंचा धातू घासून चकचकीत केला, पट्टी नवी घातली. बॅटरीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नव्हता.

प्लसच्या बाजूलाही अशीच तपासणी होते. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तार किंवा टर्मिनल खराब. इतके करूनही सेल्फपर्यंत व्होल्ट पुरेसे पोचतात आणि तो रेंगाळतो, तरच त्याला उतरवावे.

हे घरी करणार असाल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन पेटणार नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या. टर्मिनल काढताना मायनस आधी काढा, लावताना शेवटी लावा. उलट केले आणि पाना बॉडीला लागला, तर ठिणगी उडते.

बॅटरीवाल्याकडे आम्ही पुढच्याच आठवड्यात गेलो. त्याने चहा मागवला; जुनी बॅटरी त्याने तोवर दुसऱ्या कोणाला तरी विकली होती.